ठकीचे वेळापत्रक

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे पत्र आले, तेव्हा आम्ही दोघी बहिणी बराच काळ संभ्रमात होतो. गुरुजनांविषयी आणि संस्थेच्या वाटचालीविषयी ज्येष्ठ माजी विद्यार्थी आमच्याहून अधिक अधिकाराने लिहितील. आमच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती एका मांजराची आहे. शाळेच्या स्मरणिकेत मांजराचे काय काम, असे वाचकांस प्रारंभी वाटेल. लेख पुरता वाचल्यावर तसे वाटणार नाही, अशी आशा आहे.

आमचे घर मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या एका बैठ्या वस्तीत होते. एक खोली, मागे स्वयंपाकापुरती पडवी आणि पुढे चार हात रुंदीची मातीची पट्टी. त्या पट्टीत अबोली, कढीपत्ता, गवती चहा, अळू आणि एक अडुळसा एवढेच होते. पण आई तिला ‘बाग’ म्हणत असे. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई एका रुग्णालयात आया होती. तिच्या पाळ्या बदलत. रात्रपाळी आली की दोन लहान मुली घरात एकट्या राहात. तिने दोन वर्षे ही ओढाताण सोसली आणि २००९ च्या जून महिन्यात आम्हाला आपल्या शाळेत आणून सोडले. थोरली सहावीत होती, धाकटी पाचवीत.

ठकी त्याच वर्षीची. मे महिन्याच्या अखेरीस शेजारच्या पत्र्याखाली सापडलेले ते मूठभर पिल्लू आईने खोक्यात ठेवून वाढविले. आम्ही शाळेत निघालो त्या पहाटे, हातात पत्र्याच्या पेट्या घेऊन उंबरा ओलांडला, तोच ठकी पायांतून धावत वाटेच्या पलीकडे गेली. शेजारच्या काकी म्हणाल्या, “अगं, मांजर आडवं गेलं. पाच मिनिटं थांब, मग नीघ.” आई थांबली नाही. ती म्हणाली, “आडवी कुठली गेली? घरातलीच आहे ती. पोरींना पोचवायला निघालीय.” अंधश्रद्धेविषयी पुढे शाळेत आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली. पहिला धडा आम्हाला त्या उंबऱ्यावर मिळाला होता.

त्यानंतरची सहा वर्षे घर म्हणजे आमच्या लेखी दिवाळीची सुटी आणि मे महिना. त्या दिवसांत आई रजा घेई, पाळी बदलून घेई, आम्हाला उन्हे वर येईपर्यंत झोपू देई. बुद्धपौर्णिमेला डबा बांधून कान्हेरीला नेई. शंभरांहून अधिक लेण्यांपैकी आमचे ठरलेले एक लेणे होते. त्याच्या ओसरीत बसून आम्ही जेवत असू. घर असेच असते, अशी आमची समजूत होती. सुटीला आलेल्या मुलांना घराचा पाहुणचार दिसतो. घराचा रोजचा दिवस दिसत नाही. आम्ही नसताना आई किती वाजता उठते, कोणाशी बोलते, संध्याकाळी काय करते, हे आम्ही कधी विचारले नाही.

आई पत्रे लिहीत असे. रविवारी वसतिगृहाच्या दूरध्वनीवर दोन मिनिटे बोलणे होई, तरीही महिन्याला एक अंतर्देशीय पत्र येईच. त्या पत्रांत ती स्वतःविषयी काही लिहीत नसे. सारा मजकूर ठकीचा. ठकी हल्ली लवकर उठते. ठकीने अळूच्या पानावरचा बेडूक धरला आणि सोडून दिला. पाऊस फार आहे, ठकीला करमत नाही. मैत्रिणी विचारीत, “तुमच्या मांजरीचं पत्र आलं का?” आणि आम्हीही हसत असू. धाकटी आठवीत असताना तिने रागाच्या भरात आईला लिहिले होते की, तुला आम्ही घरी नसलेलेच बरे वाटते. त्या पत्राला आलेल्या उत्तरातही ठकीच होती. ठकीला बरे वाटत नव्हते, आता बरी आहे, एवढेच त्यात होते.

दहावीनंतर थोरली नागपूरला शिकायला गेली, धाकटी पुण्याला. नोकऱ्याही बाहेरच लागल्या. आई २०१८ साली सेवानिवृत्त झाली आणि ठकीसह मुलुंडच्या त्याच खोलीत राहिली. २०२२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. जलदान विधी झाला, नातलग परतले आणि खोलीची आवराआवर करण्यासाठी आम्ही दोघी दीड महिना तेथे राहिलो. लहानपणानंतर प्रथमच आम्ही त्या घरात सुटीवाचून राहात होतो. सोबतीला तेरा वर्षांची ठकी होती.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की, पहाटे पाचला ती उशाशी येऊन बसते. ती ओरडत नसे. अंधारात चालत येऊन मिशा गालाला टेकवी. दिव्याची तिला गरज नव्हती. माणसाला लागतो त्याच्या सुमारे एक षष्ठांश उजेड मांजराला पुरतो. उलट अगदी नाकासमोरचे त्याला नीट दिसत नाही; तेथे त्याच्या मिशाच डोळ्यांचे काम करतात. आम्हाला वाटले, नळाला पाणी येण्याची ही वेळ असेल. आमच्या वस्तीत मात्र पाणी सहाला येई. मग ही तासभर आधी कशासाठी उठवते, ते कळेना.

आम्ही उठलो की ती प्रतिमांखाली ठेवलेल्या चटईच्या गुंडाळीवर जाऊन बसे. पावणेसहा झाले तरी चटई अंथरली नाही, तर नखांनी तिची कड ओढी. एके दिवशी आम्ही चटई अंथरली. ठकी डाव्या कोपऱ्यावर पाय पोटाखाली घेऊन बसली आणि मधली जागा तिने मोकळी ठेवली. आम्ही दोघी त्या मोकळ्या जागेकडे पाहात उभ्या राहिलो. मग खाली बसलो आणि त्रिसरण, पंचशील म्हटले. आई गेल्यानंतर केवळ आम्ही दोघींनी केलेली ती पहिली वंदना.

अकराच्या सुमारास मासळीवाली मावशी येई. तिची हाक आम्हाला ऐकू येण्याआधीच ठकीचे कान गल्लीच्या तोंडाकडे वळत. माणसाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो; मांजर साठ हजारांच्याही पलीकडचे ऐकते. उंदरांची बारीक चिवचिव त्याला स्पष्ट ऐकू जाते ती यामुळेच. मावशीने पाटी उतरवली आणि आम्ही काही मागण्याआधीच मूठभर मांदेली कागदावर काढून ठेवली. पैसे देऊ लागलो, तर म्हणाली, “राहू दे गं. हिचं खातं वेगळं आहे. तुमच्या आईनं या महिन्याचे आधीच दिलेत.” आईने मागे कोणाचेही देणे ठेवले नव्हते, मांजराचेही नाही.

दिवाळीतल्या करंजीचा तुकडा पुढे केला की ठकी वास घेऊन मान फिरवी, तेव्हा लहानपणी आम्ही तिला गर्विष्ठ म्हणत असू. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, त्या चवीचा एक जनुक त्याच्या शरीरात निकामी झालेला आहे, असे शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. आईला त्या संशोधनाची वार्ता असणे शक्य नव्हते. पण तिने ठकीला गोड कधी दिले नाही आणि ती मोठी झाल्यावर दूधही दिले नाही. “तिला ते सोसत नाही,” एवढेच ती म्हणे. बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, हे आम्ही पुढे वाचले. आईने ते केवळ पाहून जाणले होते.

दुपारी साडेचारला ठकी बागेच्या कडेला जाऊन बसे. वस्तीतील सारे जण झाडांना पाणी घालतात ते सहानंतर, उन्हे कलल्यावर. ठकी मात्र साडेचारलाच बालदीपाशी हजर. आम्ही तिच्या मागून गेलो आणि काही करायचे म्हणून तण उपटू लागलो. आईने बाग लख्ख ठेवली होती. भिंतीलगत मात्र कुप्पीची रोपे माजली होती. हिलाच कोणी खोकली म्हणतात. आईच्या हातून एवढे तण कसे सुटले, याचे आम्हाला नवल वाटले. एक रोप मुळासकट उपटून बाजूला टाकले, तशी वृद्ध ठकी पिल्लासारखी त्यावर झेपावली. मुळाला तोंड घासू लागली, पाठीवर लोळू लागली, डोळे मिटून तिची लाळ गळू लागली. कुप्पीच्या मुळांचे मांजरांना विलक्षण आकर्षण असते. ते तण आईच्या नजरेतून सुटले नव्हते. तिने ते ठकीसाठी राखले होते. उरलेली रोपे आम्ही तशीच ठेवली.

साडेसहाला ठकी पुन्हा चटईवर. सातच्या आत घरात, आणि मग दार बंद. ही शिस्त आमच्या वस्तीत सगळ्यांचीच. सुमारे एकशे चार चौरस किलोमीटरचे ते जंगल घराच्या पाठीशी उभे. तेथला बिबट्या बहुधा भटक्या कुत्र्यांच्या मागावर खाली उतरतो, पण मांजरही त्याला वर्ज्य नाही. त्याच जंगलात वाघाटी राहते. जगातील सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते आणि वजनाने ती आमच्या ठकीच्या निम्मीही भरणार नाही. रात्री ठकी खिडकीच्या गजांतून डोंगराकडे टक लावून बसे, तेव्हा ती आपल्या रानातल्या बहिणीला पाहते आहे, असे आई सांगत असे. साडेनऊ वाजले की ती खिडकीवरून उतरून दिव्याच्या बटणाखाली येऊन उभी राही. दिवा मालवला की आमच्या लहानपणच्या गोधड्यांच्या घडीवर चढे. ती घडी पलंगाच्या पायथ्याशी कायम ठेवलेली असे.

हा क्रम तीन आठवडे न चुकता चालला. ठकी आईचा दिवस जगत आहे, हे आम्हाला उमगले होते. पण आईचा दिवस असा का, हे उमगत नव्हते. पाण्याआधी तासभर उठायचे, भर उन्हात झाडांना पाणी घालायचे, एकटीने राहूनही ठरल्या मिनिटाला दिवा मालवायचा, हे सारे कशासाठी?

आईचे कपाट आम्ही शेवटी आवरायला घेतले. साड्या काढल्या, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटविलेला दिसला. ‘पालकांच्या माहितीसाठी: वसतिगृहाची दिनचर्या’. २००९ साली प्रवेशाच्या वेळी मिळालेला तो कागद. पहाटे ५ उठणे. ५.४५ वंदना. दुपारी ४.३० श्रमदान, बागकाम. सायंकाळी ६.३० वंदना. रात्री ९.३० दिवे बंद. कागदाच्या चारही कोपऱ्यांवर जुन्या चिकटपट्टीवर नवी, तिच्यावर आणखी नवी अशी पट्टी लावलेली होती. मासळीची वेळ तेवढी ठकीची स्वतःची. बाकी साऱ्या वेळा त्या कागदावरच्या होत्या.

आम्ही शेजारच्या काकींना विचारले. त्या म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक नव्हतं? पोरी उठल्या असतील आणि आपण झोपलोय, हे तिला बरं वाटत नसे. ड्युटीवर असली तर इलाज नसे, पण घरी असली की ती तुमच्याच वेळेवर. साडेचारला उन्हात झाडाला पाणी घालायची, तेव्हा मी हसायची तिला. रिटायर झाली तेव्हा म्हटलं, आता पोरी शाळेतून केव्हाच बाहेर पडल्या, झोप की सातपर्यंत. तर म्हणाली, ठकी झोपू देत नाही.”

त्या रात्री आम्ही पेटीतली पत्रे काढून वाचली. ठकी हल्ली लवकर उठते. ठकी संध्याकाळी चटईवर बसते. पाऊस फार आहे, ठकीला करमत नाही. ती पत्रे मांजराविषयी कधीच नव्हती. मुलींना काळजी वाटू नये, त्यांचे अभ्यासातून लक्ष उडू नये, म्हणून आईने आपले सारे दिवस मांजराच्या नावावर लिहिले होते. धाकटीच्या रागीट पत्राला आलेले उत्तरही आम्ही पुन्हा वाचले. ठकीला बरे वाटत नव्हते, आता बरी आहे. धाकटीने ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले आणि उशाशी ठेवले.

खोली सोडण्याची वेळ आली, तेव्हा ठकीचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. वस्तीतील बहुतेकांचे मत एकच होते: कुत्रे माणसाचे, मांजर घराचे, म्हातारे मांजर नव्या जागी टिकत नाही, तिला येथेच ठेवा. मांजर निष्ठुर असते, हा समज फार जुना आणि दूरवर पसरलेला आहे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची जी चित्रे जपानमध्ये काढली गेली, त्यांत शोक करणारे नाना प्राणी दाखवितात, पण मांजर बहुधा वगळतात. क्योतो येथील तोफुकुजी विहारात मिंचो या भिक्षू चित्रकाराने १४०८ साली काढलेल्या भव्य चित्रात मात्र मांजर आहे आणि त्यामुळेच ते चित्र प्रसिद्ध आहे. दुसरीकडे, सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थळी माणसापासून हातभर अंतरावर मांजराचेही दफन केलेले आढळले आहे. माणसाचा आणि मांजराचा स्नेह इतका जुना आहे. ठकी घराची की आईची, हे आम्हाला ठरवायचे होते आणि दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती.

योगायोगाने थोरलीची बदली मुंबईस झाली आणि तिला बोरिवली पूर्वेला जागा मिळाली. मुलुंड डोंगराच्या पूर्व पायथ्याशी, बोरिवली पश्चिम पायथ्याशी. मध्ये तेच जंगल आणि त्याच कान्हेरीच्या लेण्या. आम्ही ठकीला झाकणाच्या टोपलीत घालून रिक्षाने नेले. सोबत चटई, गोधड्या आणि एका कुंडीत कुप्पीची तीन रोपे नेली.

तिसऱ्या मजल्यावरील त्या घरात पाऊल ठेवताच ती पलंगाखाली शिरली. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही. गोधडी जवळ ठेवली, मांदेली ठेवली, कुप्पीचे मूळही ठेवले. ती हलली नाही. वस्तीतील माणसेच खरी ठरणार, असे वाटू लागले. तिसऱ्या दिवशी आम्ही पाचला उठलो. पावणेसहाला चटई अंथरली, मधली जागा मोकळी ठेवली आणि वंदना सुरू केली. थोड्या वेळाने पलंगाखालून खसखस ऐकू आली. ठकी बाहेर आली, भिंतीच्या कडेकडेने चालत चटईच्या डाव्या कोपऱ्यावर जाऊन बसली. वंदना संपल्यावर तिने ताटलीतली मांदेली खाल्ली. मुलुंडच्या भिंती मागे राहिल्या होत्या. तिच्या ओळखीची वेळ मात्र या घरातही होती.

शाळेतून बाहेर पडल्यावर पहाटेच्या घंटेतून सुटलो, याचा आम्हाला केवढा आनंद झाला होता, हे त्या वेळच्या मैत्रिणींना आठवत असेल. आज थोरली रोज पाचला उठते. ज्या दिनचर्येचा आम्ही सहा वर्षे कंटाळा केला, ती तेवढ्याच निष्ठेने दूर मुलुंडला कोणीतरी पाळीत होते. आपल्या शाळेच्या पटावर आमची दोघींची नावे आहेत. त्याच शाळेत आमची आई आणि तिचे मांजरही शिकत होते, ही नोंद कोठेच नाही. ती व्हावी, म्हणून हा लेख.

जी मुले आज वसतिगृहात आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, सुटीत घरी गेल्यावर एक दिवस लवकर उठा आणि घर कसे चालते ते मुकाट्याने पाहा. घरात मांजर असेल तर त्याच्या मागे मागे फिरा. तेवढ्याने पुष्कळ कळेल.

ठकी आता पंधरा वर्षांची आहे. तिला पायऱ्या चढवत नाहीत, खिडकीवर मात्र ती अजून जाते आणि जंगलाकडे पाहते. थोरली रोज सकाळी धाकटीला पुण्याला निरोप पाठविते, “ठकी पाचला उठली.” धाकटीचे उत्तर येते, “ठकीला करमतं ना?”